टोकदार गिटार घेताना आधी ब्रिज बघा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मोबाइलवर फोटो घेऊन माझ्याकडे येतं. कधी गणपतीत बेंजो वाजवणारा पोरगा, कधी कॉलेजच्या बँडमधली मुलगी. फोटोत व्ही आकाराची नाहीतर चारी बाजूंनी टोकं काढलेली इलेक्ट्रिक गिटार, तिला लांब दांडा, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, ही घेऊ का?" मी विचारतो, ब्रिज कुठला आहे? मग समोरचा गप्प होतो. रंग पाठ असतो, पंखांचा आकार पाठ असतो. पण ज्यावर तारा टेकतात आणि गिटार सुरात राहणार की नाही हे ज्यावर ठरतं, तो भाग, म्हणजे ब्रिज, कुणी नीट पाहिलेला नसतो.

मी दिवसा कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशिनवर असतो आणि संध्याकाळी गिटार वाजवतो. त्यामुळे ट्रेमोलो, म्हणजे दांड्याने हलणारा ब्रिज, मला आधी यंत्र म्हणून दिसतो, वाद्य म्हणून नंतर. आकार तुम्हाला आवडलाय, तो आवडणारच, त्यात मी पडत नाही. फक्त निवडीचा क्रम बदला. आधी ट्रेमोलो, मग बसून आणि उभं राहून तोल, आणि रंग सगळ्यात शेवटी.

दांडा नेमकं काय करतो

तारेचा ताण वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. सतारिया एकच तार पडद्यावर आडवी खेचून मींड काढतो. इथे ब्रिजच हलतो, त्यामुळे सहाही तारांचा ताण एकदम बदलतो. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं, आणि सूर हलणं म्हणजे व्हायब्रेटो. पण लिओ फेंडर यांनी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. दुकानात तुम्हीही ट्रेमोलोच म्हणा.

यंत्रणा तराजूसारखी आहे. एका बाजूला तारा ब्रिजला मानेकडे ओढतात, दुसऱ्या बाजूला पाठीमागच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा त्याला मागे खेचून धरतात. साडेपंचवीस इंची स्केलवर (नटपासून ब्रिजपर्यंतची तारेची लांबी) ९-४२ चा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात ९ ते ४२ जाडीच्या तारांचा, हलका संच नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये लावला, तर सहा तारांचा ताण मिळून ३८-३९ किलोच्या घरात जातो. १०-४६ चा संच लावलात तर ४७ किलोच्या आसपास, म्हणजे साखरेच्या पोत्याहून थोडासाच कमी. एवढा भार दोन बारीक खुंट्यांवर टेकलेल्या पट्टीच्या धारेवर तोललेला असतो. हे चित्र डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं.

एक तार तुटली तर भार कमी होतो, स्प्रिंगा जिंकतात आणि उरलेल्या पाच तारा चढतात. एक तार बोटाने बेंड केली तर बाकीच्या किंचित उतरतात. पाम म्यूट करताना, म्हणजे तळहात तारांवर टेकवून आवाज दाबताना, तळहाताचा भार ब्रिजच्या मागच्या कडेवर पडला तर सूर वर सरकतो. गाण्याच्या मध्येच खालचा ई, म्हणजे सगळ्यात जाड तार, एक स्वर उतरवून ड्रॉप डी करायला गेलात तर इतर तारा बिघडतात. नवशिक्याला वाटतं गिटार खराब निघाली. तसं नसतं, तरंगता ब्रिज असाच वागतो.

कुठल्या जातीचा ट्रेमोलो

टोकदार गिटारींवर बहुतेक वेळा फ्लॉइड रोझ जातीचा ब्रिज दिसतो. फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकाने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो तयार केला आणि १९७९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. युक्ती साधी आहे. तार दोन ठिकाणी करकचून आवळायची, ब्रिजवर तार जिथे टेकते त्या सॅडलमध्ये आणि मानेच्या टोकाला लॉकिंग नटमध्ये. मग तार घसरायला जागाच उरत नाही. दांडा पार खाली दाबून तारा सैल लोंबकळेपर्यंत नेल्या तरी सूर जागेवर परत येतो. टोकदार गिटारवर जे संगीत वाजतं, त्याला हेच हवं असतं.

स्ट्रॅटसारखा साधा ट्रेमोलो या आकारांवर कमी मिळतो. हलक्या हाताने सूर थरथरवायला तो छान आहे, पण जोरात दाबलात तर नटमध्ये तार अडकून सूर सुटतो. केलर नावाची आणखी एक जात आहे, जुन्या अमेरिकन टोकदार गिटारींवर ती बसवलेली आढळते. तिच्यात धार नसते, कॅम फिरतो. वापरायला ती मऊसूत आहे, पण सुटे भाग मिळवायला त्रास होतो. पहिल्या गिटारला ती नको.

नावातला एक सापळा सांगतो. जॅक्सन कंपनीच्या जेएस ३२ मालिकेत एकच आकार दोन प्रकारांत मिळतो. नावात शेवटी टी असेल तर ब्रिज पक्का बसवलेला, तारा बॉडीतून आरपार. टी नसेल तर ट्रेमोलो. फोटो लांबून घेतला असेल तर दोन्ही सारख्याच दिसतात. ऑनलाइन मागवताना ब्रिजचा जवळून काढलेला फोटो मागा, आणि मानेच्या टोकाला तीन चौकोनी पट्ट्या व त्यांचे बोल्ट दिसतात का ते तपासा. तोच लॉकिंग नट.

धातू ओळखा

कोल्हापूरकराला हे समजावणं सोपं आहे, कारण निम्म्या शहराचा फौंड्रीशी नाहीतर लेथशी संबंध आहे. ब्रिज ज्या दोन खुंट्यांवर टेकतो, तिथे त्याच्या पट्टीला सुरीसारखी धार असते. दांडा दाबला की ती धार खुंटीच्या खाचेत लोळते. धार हार्डनिंग केलेल्या पोलादाची असेल तर वर्षानुवर्षं टिकते. जस्ताच्या मिश्रधातूचं डायकास्टिंग असेल तर त्या चाळीस किलोखाली ती दबते, तिच्यात खड्डा पडतो आणि मग ब्रिज दर वेळी वेगळ्याच जागी येऊन थांबतो. कितीही ट्यून करा, पुढच्या गाण्याला सूर गेलेला.

माझ्या पहिल्या व्हीचं हेच झालं. एका विक्रेत्याने "फ्लॉइडच आहे" म्हणून दिली, मीही पंख बघून पैसे मोजले. आठ महिन्यांत ट्यूनिंग धरेना. ब्रिज काढून धार भिंगाखाली पाहिली तेव्हा पट्टी खाल्लेली दिसली. मी रोज ज्या धातूचे कास्टिंग हाताळतो, तोच धातू विकत घेताना मी ओळखला नाही, याचं वाईट खूप दिवस वाटत राहिलं. म्हणून येईल त्याला हे सांगतो.

फ्लॉइड रोझच्या नावाखालीही दर्जे आहेत. जर्मनीत बनणारा ओरिजिनल सगळ्यात वरचा. त्याच आराखड्याचा, कोरियात बनणारा १००० मालिकेचा ब्रिज किमतीच्या मानाने उत्तम. स्पेशल नावाच्या प्रकारात सॅडल आणि खालचा ब्लॉक, म्हणजे स्प्रिंगा अडकवायचा ठोकळा, जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. तो चालतो, फक्त बोल्ट आवळताना हात जपून ठेवावा लागतो. त्याच्याही खाली "लायसन्स्ड" असा शिक्का असलेले ब्रिज येतात. त्यांत बरे आहेत आणि अगदी टाकाऊही आहेत, नावावरून काही कळत नाही.

त्यासाठी खिशात एक छोटा लोहचुंबक ठेवा. दुकानदाराला विचारून ब्रिजच्या पट्टीला आणि सॅडलला लावा, पिकअपपासून, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या चुंबकांपासून, लांब. घट्ट चिकटला तर पोलाद. जस्ताला चिकटत नाही. ब्लॉकला चिकटला नाही तर लगेच नाराज होऊ नका, कारण चांगला ब्लॉक पितळेचाही असतो आणि पितळालाही चुंबक धरत नाही. मागचं झाकण काढायला लावून रंग बघा. पट्टीलाच चुंबक धरत नसेल, तर ती गिटार दांडा जोरात वापरायला घेऊ नका.

दुकानात करायची परीक्षा

ही परीक्षा दहा मिनिटांची आहे. क्लिप ट्यूनर बरोबर न्या; गजबजलेल्या दुकानात मोबाइलचा मायक्रोफोन गोंधळतो.

आधी गिटार आडवी धरून बाजूने बघा. ब्रिजची पट्टी बॉडीला समांतर हवी. पुढे झुकलेली किंवा मागे बसलेली असेल तर सेटअप, म्हणजे ब्रिजच्या तोलाची जुळवणी, झालेला नाही, विक्रेत्याला करायला सांगा. मग सहाही तारा ट्यून करा, नट लॉक आहे ना ते पाहा, आणि दांडा तारा सैल होईपर्यंत दाबून हळूच सोडा. ट्यूनर बघा. आता दांडा वर ओढून सोडा, पुन्हा बघा. दोन लगतच्या स्वरांमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वरात, शंभर सेंट असतात. तीन-चार सेंटचा फरक मी सोडून देतो. पण दाबल्यावर सूर उतरलेला राहतो आणि ओढल्यावर चढलेला राहतो, असं दर वेळी झालं तर धार अडकते आहे. नुसता उतरतच जात असेल तर तारा नव्या असतील, त्या हाताने ताणून पुन्हा करून पाहा.

वापरलेली गिटार घेत असाल तर आणखी दोन जागा. एक, ब्रिजच्या खुंट्या. त्या लाकडात सरळ उभ्या हव्यात. मानेकडे कलल्या असतील किंवा त्यांच्याभोवती रंगाला चीर गेली असेल तर लाकूड दबलंय. दुसरी, लॉकिंग नटच्या मागची मान. तिथे लाकूड आधीच कोरलेलं असतं, त्यातून कधी बोल्टही आरपार गेलेले असतात. केसासारखी बारीक रेघ दिसली तरी घेऊ नका. पंखांच्या टोकांचा उडालेला रंग मात्र मी मनावर घेत नाही. टोकदार गिटार कुठे ना कुठे आपटतेच.

बसा, उभे राहा, हात सोडा

आता आकार. गिब्सनने १९५८ मध्ये फ्लाइंग व्ही आणि एक्स्प्लोरर बाजारात आणल्या. तेव्हा त्या फारशा खपल्या नाहीत, उत्पादन लवकरच थांबलं, आणि पुढे त्याच मूळ गिटारींसाठी संग्राहक वेडे झाले. अल्बर्ट किंगने व्हीवर ब्लूज वाजवला, जिमी हेंड्रिक्सनेही ती हाती घेतली. या आकारांवर फक्त हेवी मेटल संगीत वाजतं असं जे समजतात, त्यांनी हे ऐकावं. १९८० च्या अखेरीस रँडी ऱ्होड्स हा मेटल वादक गिटार बनवणाऱ्या ग्रोव्हर जॅक्सनकडे स्वतःची कल्पना घेऊन गेला आणि एक पंख लांब, एक आखूड अशी धारदार व्ही जन्माला आली. १९८२ मध्ये विमान अपघातात तो गेला तेव्हा अवघा २५ वर्षांचा होता. डीन कंपनीची एमएल म्हणजे व्ही आणि एक्स्प्लोररची सांगड, आणि बीसी रिच कंपनीची वॉरलॉक म्हणजे चारी दिशांना टोकं.

हातात घेतल्यावर प्रत्येकीचं वागणं वेगळं. व्ही उजव्या मांडीवर नेहमीसारखी ठेवली की सरळ घसरते. तिला क्लासिकल बैठक लागते, म्हणजे मांडी दोन पंखांच्या बेचक्यात आणि मान वर. पहिल्या व्हींच्या कडेला रबराची पट्टी होती ती यासाठीच. ही बैठक सवयीने आवडते, मनगट सरळ राहतं, आणि व्हीला वरच्या पडद्यांपाशी लाकडाचा अडथळा जवळजवळ नसल्यामुळे बाविसाव्या पडद्यापर्यंत हात मोकळा जातो. पण घरी कॉटवर पाय पसरून वाजवायची सवय असेल तर आधीच विचार करा. एक्स्प्लोरर मांडीवर स्थिर बसते, मात्र तिची कड उजव्या हाताला कोपराखाली टोचते. बारीक चणीच्या मुलांना ती अंगापेक्षा मोठीही वाटते.

दुकानात पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. मान जमिनीकडे झुकली तर डावा हात वाजवण्याऐवजी गिटार पेलत बसेल. थोडं झुकणं पट्ट्याने सुधारतं. बाजारातला गुळगुळीत नायलॉनचा पट्टा घेऊ नका. आपल्या गावात चामड्याचं काम करणारे हात आहेत. चप्पल लाइनीत चौकशी करा, तीन इंच रुंद आणि खरबरीत बाजू आत ठेवलेला पट्टा शिवून देणारा कारागीर सापडेल. भोक बटणाला घट्ट बसेल एवढंच पाडायला सांगा. खांद्यावर तो सरकत नाही, आणि माझ्या व्हीची झुकणारी मान त्यानेच थांबली.

स्केलही विचारा. गिब्सनच्या मापाची गिटार साधारण पावणेपंचवीस इंची असते, जॅक्सनची साडेपंचवीस. लांब स्केलवर त्याच तारा जास्त ताठ लागतात, म्हणून खालच्या ट्यूनिंगला ते बरं. छोट्या बोटांना आखूड स्केल सोपं.

पहिले सहा महिने लाकडाचा तुकडा

हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. नवी गिटार घरी आणलीत की मागचं झाकण काढा. ब्लॉकच्या स्प्रिंगांकडच्या बाजूला, ब्लॉक आणि कप्प्याची भिंत यांच्या फटीत, बरोबर मापाचा लाकडाचा तुकडा बसवा. सुताराकडचा सागवानी कटपीस चालतो, पॉलिश पेपरवर घासून माप जुळवायचं. मग स्प्रिंगांचे दोन स्क्रू थोडे आवळून ब्लॉक त्या तुकड्यावर टेकवा. आता दांडा खाली दाबता येतो, वर ओढता येत नाही. बदल्यात तार तुटली तरी उरलेल्या चढत नाहीत, बेंड करताना शेजारच्या तारा उतरत नाहीत, आणि ड्रॉप डीही जमतं. सूर कानात पक्का बसेपर्यंत हा आधार ठेवा. नंतर तुकडा काढून ब्रिज तरंगता करणं अर्ध्या तासाचं काम आहे, आणि तोवर ते काम तुम्हाला स्वतःला येत असेल.

आलंच पाहिजे. कोल्हापुरात गिटार शिकवणारे पुष्कळ आहेत, पण फ्लॉइडच्या सेटअपला हात घालणारा दर वेळी जवळ मिळेल असं नाही, आणि दर वेळी पुण्याला जाणं कुणाला परवडत नाही. यात अवघड काही नाही. स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवायचा, पुन्हा सगळ्या तारा ट्यून करायच्या, पट्टी समांतर झाली का बघायचं. चार-पाच फेऱ्यांत तराजू बसतो. पहिल्या दोन फेऱ्यांत तार लावली की शेजारची बिघडते, तेव्हा चिडून सोडून देऊ नका.

पावसाळा, पूर आणि प्रवास

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा ओलीचिंब असते. मान ओल शोषते, तिचा बाक बदलतो, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात किंवा पडद्याला घासून वाजतात. पावसाळा लागला की आणि संपला की, वर्षातून दोनदा मानेचा बाक तपासा. मानेच्या आतल्या, बाक सुधारणाऱ्या ट्रस रॉडलाही पाव फेऱ्याचाच नियम. ट्रेमोलोचे बोल्ट याच दिवसांत गंजतात. धार जिथे खुंटीला टेकते तिथे व्हॅसलिनचा अगदी बारीक थेंब लावा, वाजवून झालं की घाम पुसा, आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांच्या घरात पंचगंगेचं पाणी आलं त्यांना वेगळं सांगायला नको. नदीकाठच्या भागात राहत असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये गिटारची जागा माळ्यावर.

केसचे पैसे आधीच बाजूला काढा. साध्या गिटारची बॅग व्हीला बसत नाही, एक्स्प्लोररला तर नाहीच. त्या आकाराची बॅग किंवा हार्ड केस गिटारबरोबरच मागा, कारण नंतर सुटी मिळवणं जिकिरीचं होतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना मी वरचा बर्थ घेतो आणि केस भिंतीकडे लावून झोपतो. एसटीत मात्र डिकीत कधीच टाकत नाही. अ‍ॅम्पलाही पैसे उरले पाहिजेत. सगळं बजेट पंखांवर घालवून वीस मिनिटांत डोकं उठवणाऱ्या डब्यात गिटार लावणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचा वाजवण्यातला जीवच उडतो.

पहिल्यांदा तारा बदलताना

सगळ्या तारा एकदम काढू नका, तराजूचं एक पारडं मोकळं होऊन ब्रिज आत कोसळतो. ब्रिजखाली घडी घातलेलं मऊ फडकं सरकवा आणि एकेक तार बदला. फ्लॉइडमध्ये तारेच्या टोकाची गोळी कापून टाकायची, गोळीच्या वरची गुंडाळीही कापायची, आणि नुसती तार सॅडलमध्ये घालून ३ मिलिमीटरच्या एलन कीने आवळायची. आवळताना चावीचा आखूड भाग बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. जस्ताचं सॅडल याच ठिकाणी फुटतं. नट लॉक करण्याआधी ब्रिजवरचे सूर बारीक जुळवायचे सहाही फाइन ट्यूनर मध्यावर आणून ठेवा, नाहीतर लॉक केल्यावर वर किंवा खाली जायला जागा उरत नाही, आणि सगळं सोडून पुन्हा करावं लागतं. तारा हाताने ताणा, ट्यून करा, परत ताणा. सूर हलायचा थांबला की मगच नट आवळा.

ही एलन की हेडस्टॉकच्या, म्हणजे मानेच्या टोकाच्या, मागे चिकटपट्टीने लावून टाका. उद्यमनगरात कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते, पण कार्यक्रम रात्री असतो आणि तेव्हा उद्यमनगर बंद असतं.